टच बॉलवर फाऊल दिला आणि मॅच गेली, अपील होतं का?

सातरस्ता_ब्रेक

नमस्कार मंडळी, इथं स्नूकरवाले जास्त आणि पूलवाले कमी आहेत माहितीय, तरी विचारायलोय कारण आठवडा झाला डोक्यातून जाईना.

मागच्या रविवारी आपल्या सोलापुरात एका पार्लरला नाईन बॉलची (पूलचाच प्रकार, टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी मारायचा, नऊ गेला की रॅक म्हणजे एक डाव जिंकला) ओपन स्पर्धा होती. बत्तीस एंट्री, पाचशे फी, बाहेरची पण पोरं आलेली, बार्शी, पंढरपूर, दोघं तर कलबुर्गीहून. मी सेमीला पोचलो. रेस टू सेव्हन, म्हणजे आधी सात रॅक घेईल त्याची मॅच, स्कोर सहा-सहा, टेबलावर सात, आठ, नऊ एवढेच बॉल. समोरच्याची सेफ्टी (मला अवघड जावं म्हणून मारलेला शॉट) फसली आणि व्हाईट, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, येऊन थेट सातला चिकटला, आणि सात कोपऱ्याच्या पॉकेटला एकदम सरळ. मी वाकायच्या आधीच रेफरी सरांना म्हणलं, सर टच आहे का बघून सांगा. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले "टच आहे". समोरच्यानं पण मान हलवली. मग मी हळू फॉलो (व्हाईट पण मागोमाग पुढं जाईल असा शॉट) मारला, सात आत, व्हाईट जरा पुढं सरकून आठवर पाहिजे तशी पोझिशन, नऊ तर पॉकेटच्या तोंडावरच. मी चॉक लावायला वळलो आणि मागनं आवाज आला "फाऊल".

मला वाटलं बाजूच्या टेबलवरचा असेल. तर नाही, माझाच. मी विचारलं कशाचा फाऊल सर, तर म्हणाले टच बॉल हलवायचा नसतो, त्याच्यापासून लांब खेळायचं. मी म्हणलं सर तो स्नूकरचा नियम झाला, हा पूल आहे. ते म्हणाले माझा निर्णय अंतिम आहे. आयोजकांकडं गेलो, ते फायनलच्या बक्षिसाच्या गडबडीत, म्हणाले रेफरी बोलले म्हणजे झालं. मागनं पोरं ओरडायलेत "चल बे खेळ की", तेवढ्यात समोरच्यानं व्हाईट उचलून ठेवला पण, सात आतच राहिला, त्याला बॉल इन हँडवर (व्हाईट पाहिजे तिथं ठेवायची मुभा) फक्त आठ आणि नऊ मारायचे होते. मारले. सात-सहा. हात मिळवला आणि गाडी काढून घरी आलो.

अवघड गोष्ट ही आहे की ते रेफरी सर वाईट माणूस नाहीत. अकरावीत असताना मला क्यू धरायला त्यांनीच शिकवलं, पैसे नसले तरी अर्धा तास टेबल द्यायचे. त्यांचा अपमान करायचा नाहीये मला. पण बरोबर कोण होतं, आणि तिथं मी काय करायला पाहिजे होतं, आणि आता काही होऊ शकतं का, एवढं कुणी नीट सांगा.

डेक्कन_क्यू

आधी सरळ उत्तर देतो मित्रा, तू सांगतोयस तसंच झालं असेल तर शॉट कायदेशीर होता. जागतिक पूलच्या नियमात हे अगदी स्पष्ट लिहिलंय की शॉटच्या सुरुवातीला व्हाईट एखाद्या बॉलला चिकटलेला असेल, आणि तो बॉल त्या वेळी मारायचाच बॉल असेल, तर त्याच्या दिशेनं किंवा थेट त्याच्यात मारलं तरी चालतं, आणि तो हलला तर त्याला व्हाईट लागला असंच धरतात. तुझा सात हा टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर होता, म्हणजे तोच मारायचा होता. विषय संपला.

स्नूकरमध्ये बरोबर उलटं आहे. तिथं टच बॉल असेल तर त्याला न हलवता लांब खेळायचं, हलला की पुश, म्हणजे ढकलल्याचा फाऊल. आणि तो बॉल ऑन, म्हणजे मारायचाच बॉल, असेल तर लांब खेळूनही त्याला लागलं असं धरतात. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट बघ, तुझ्या सरांचं ऐकून तू त्या जागी स्नूकरसारखा लांब खेळला असतास आणि व्हाईट फिरून परत सातला लागला नसता, तर पूलच्या नियमानं तोच फाऊल झाला असता! कारण पूलमध्ये टच बॉलपासून लांब खेळलं तर तो लागला असं धरतच नाहीत. म्हणजे एकाच टेबलवर एकच जागा, आणि दोन खेळांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध. आपल्याकडं पार्लरमध्ये स्नूकरचं टेबल आधी आलं आणि पूल नंतर, त्यामुळं जुन्या माणसांच्या हाडात स्नूकर बसलंय, हे पुण्यात पण होतं, सोलापूरलाच होतं असं समजू नको.

तू एक गोष्ट फार चांगली केलीस, आधी विचारून घेतलंस. नियम असा आहे की रेफरी किंवा समोरचा खेळाडू "टच आहे" म्हणत नाही तोपर्यंत टच नाही असंच धरायचं, आणि ते वदवून घेणं ही मारणाऱ्याची जबाबदारी. न विचारता मारला असतास आणि व्हाईट सातच्या मागोमाग गेला असता तर मी पण फाऊलच म्हणलं असतं.

का ते सांगतो, कारण यावर दर स्पर्धेत भांडणं होतात. टच नाहीये पण मधे बोटभरच अंतर आहे, अशा वेळी सरळ जोरात मारलं की क्यूची टिप व्हाईटला सोडायच्या आत व्हाईट समोरच्या बॉलला लागतो, किंवा लागून थांबतो आणि मागनं येणारी टिप त्याला परत लागते. हा डबल हिट. डोळ्यांना टिप दिसत नाही, इतक्या कमी वेळात होतं ते. म्हणून रेफरीनं टिपकडं बघायचंच नाही, व्हाईटकडं बघायचं. पूलचे सगळे बॉल ५७.१५ मिमीचे आणि वजनाला जवळपास सारखे, त्यामुळं पूर्ण समोरासमोर लागल्यावर व्हाईटचा वेग त्या बॉलला जातो आणि व्हाईट तिथंच थांबायला पाहिजे, फॉलो असला तरी क्षणभर अडखळून मग पुढं जायला पाहिजे. न अडखळता दोघं जोडीनं पळाले की समजायचं टिप दोनदा लागली. पण बॉल आधीच चिकटलेले असतील तर ते जोडीनंच पळणार, तिथं ही खूण लावताच येत नाही. तुझ्या सरांना कदाचित तेच दिसलं असेल.

आता अपील. रेफरीचा निर्णय अंतिम हे अर्धं वाक्य आहे. जे डोळ्यांनी बघून ठरवायचं ते अंतिम. व्हाईट आधी कुठल्या बॉलला लागला, बाही लागली का नाही, बॉल कुशनपर्यंत पोचला का नाही. तिथं तू फार तर परत विचार करा म्हणू शकतोस, नाही म्हणाले की गप्प बसायचं. पण रेफरी नियमच चुकीचा लावतोय असं वाटलं तर स्पर्धेत ज्याला अपिलाचा अधिकार दिलाय त्याच्याकडं, म्हणजे हेड रेफरी किंवा डायरेक्टरकडं जायचा हक्क खेळाडूला आहे, आणि ते चालू असेपर्यंत रेफरीनं खेळ थांबवायचा असतो. तुझ्या केसमध्ये सरांनी कारण स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ते कारण नियमाचं होतं, नजरेचं नव्हतं. अपील शंभर टक्के बसत होतं.

बाहेरची_टांग

मी पूल खेळत नाही, कुस्तीवाला आहे, पण हे वाचून राहवलं नाही. आपल्या जिल्ह्याला हे नवीन आहे का? २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीला माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड, दोघं आपल्याच जिल्ह्याचे, महेंद्रच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले आणि पुढं कित्येक दिवस सोलापुरात एकही चहाची टपरी अशी नव्हती जिथं तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघत नव्हते. खांदा टेकला, नाही टेकला. निर्णय बदलला का? नाही. सिकंदरनं काय केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरला फुलगावला गदा घेतली.

आणि २०२५ ला अहिल्यानगरला काय झालं ते पण बघितलं सगळ्यांनी. शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली, महेंद्र फायनलची कुस्ती सोडून गेला, दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी. पैलवानाची तीन वर्षं म्हणजे काय असतंय ते आखाड्यातल्या माणसाला विचारा. म्हणून मालक तुम्हाला सांगतो, तुम्ही हात मिळवून घरी गेलात हे लई बरं केलंत. पंचाचा शब्द तिथं मानायचाच, चूक असला तरी. नाहीतर खेळच व्हायचा नाही.

डेक्कन_क्यू

टांग दादा, तुमचा मुद्दा मान्य, हात उचलायचा नाही, टेबल सोडून जायचं नाही. पण दोन गोष्टी एकत्र करू नका ना. डाव पडला का नाही ही नजरेची गोष्ट, तिथं पंच अंतिम. त्या डावाला किती गुण ही पुस्तकातली गोष्ट, तिथं पंच चुकला तर पुस्तक दाखवायचा हक्क पाहिजेच. याच्या केसमध्ये सातला व्हाईट चिकटला होता हे तिघांनाही मान्य, सात हलला हेही मान्य. वाद फक्त पुस्तकाचा होता. आणि सहा-सहाला एक चूक म्हणजे सगळी मॅच. २०२४ ची जेद्दाची नाईन बॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल फेडोर गोर्स्टनं १५-१४ नं काढली, तिथं हिल-हिलला, म्हणजे दोघांना एकच रॅक हवा असताना, कुणी असा चुकीचा नियम लावला असता तर जगज्जेता बदलला असता. आपली स्पर्धा लहान असेल, पण पोरगं वर्षभर प्रॅक्टिस करून आलेलं असतं.

चॉक_आणि_फडकं

मी अक्कलकोट रोडला राहतो, नोकरी सांभाळून सोळा-सतरा वर्षं इकडच्या तिकडच्या स्पर्धांना रेफरी म्हणून उभा राहिलोय, स्नूकरला जास्त, आता पूललाही. त्या दिवशीचे रेफरी मी नव्हतो, आधीच सांगतो.

बाळा, तुझं वाचून वाईट वाटलं आणि तुझ्या सरांचं पण वाटलं. रेफरी कसा उभा असतो ते खेळणाऱ्याला दिसत नाही. सकाळी दहाला पहिला ब्रेक आणि फायनल रात्री एकला. चार टेबलं आणि रेफरी दोन. मानधन म्हणजे येण्याजाण्याचं पेट्रोल आणि जेवण. प्रत्येक टेबलवरनं हाका येतात, सर इकडं बघा, सर हे बघा, तू धावत जाऊन वाकतोस, तेवढ्यात दुसरीकडं कुणीतरी मारून मोकळा. रात्री अकराला सेमीच्या शेवटच्या रॅकला माणसाच्या तोंडून जे सवयीचं आहे तेच निघतं. ही सबब नाही, चूक ती चूकच, फक्त कुठनं येते ते सांगितलं.

माझ्याकडनं पण झालीय. नाईन बॉलमध्ये लागोपाठ तीन फाऊल केले की रॅक जातो, पण दुसऱ्या फाऊलनंतर रेफरीनं खेळाडूला सांगायचं असतं की तू दोनवर आहेस. एका पोराला मी ते सांगायला विसरलो आणि तिसऱ्याला रॅक काढून घेतला. पोरगं लहान, रडवेलं झालं, पण शांतपणे म्हणालं सर तुम्ही मला दोनवर आहेस म्हणून सांगितलं नव्हतं. मी आठवून बघितलं, खरंच नव्हतं सांगितलं. तिथल्या तिथं निर्णय मागं घेतला, फक्त फाऊल धरला आणि खेळ पुढं चालू. लोक हसतील असं वाटलं होतं, कुणी हसलं नाही.

आता दोन गोष्टी. पहिली, डेक्कनच्या उत्तराला एक जोड. टच बॉलमध्ये थेट मारलं तर चालतं हे खरं, पण टिप व्हाईटला लावून ढकलत नेली, नेहमीच्या शॉटपेक्षा जास्त वेळ चिकटवून ठेवली, तर तो पुश, आणि तो फाऊल टच बॉललाही लागतो. ढकललं का नाही हे मात्र रेफरीच्या नजरेवर. म्हणून तुझ्या सरांचे शब्द नेमके काय होते याच्यावर सगळं आहे. "ढकललास" म्हणाले असते तर तुला अपीलच नव्हतं. "हलवायचा नसतो" म्हणाले असतील तर होतं. नीट आठव आणि खरं सांग.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. तू वाद घातलास पण अपील केलं नाहीस. फरक आहे. "सर मला मान्य नाही" हे अपील नसतं. तिथं म्हणायचं, सर, हा निर्णय नियमाबद्दलचा आहे, मला डायरेक्टरकडं अपील करायचंय, तोपर्यंत खेळ थांबवा. समोरच्याला हात जोडून सांगायचं व्हाईटला हात लावू नको. आणि क्यू खाली ठेवून खुर्चीवर बसायचं. त्यानं आठ मारला, तू बघत बसलास, त्या क्षणी ते दार बंद झालं. पूलमध्ये दिलेला नाहीतर न दिलेला फाऊल, जे काय म्हणायचं ते पुढच्या शॉटच्या आधी.

सोन्या_पार्कचौक

व्हिडिओ असंल की बे कुणाकडं तरी, टाक की.

जुळेसोलापूर_नाईन

मला पण एक विचारायचंय यातच. आम्हा मुलींच्या मॅचला रेफरी देतच नाहीत, म्हणतात तुमचं तुम्ही खेळा, काही झालं तर हाक मारा. मागच्या वेळी माझ्या बाहीनं सहा नंबर हलला, मी स्वतःहून सांगितलं, तर समोरची म्हणाली फाऊल, बॉल इन हँड दे. मी दिला. नंतर कळलं की रेफरी नसला तर वेगळं असतं?

आणि त्या स्नूकर-पूल गोंधळावरून एक सांगते, रेफरी मिकेला टॅब आधी पूलमधल्या, तिथनं स्नूकरला गेल्या आणि २००९ च्या स्नूकर वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला रेफरी त्याच होत्या. म्हणजे दोन्ही खेळ एका माणसाला नीट येऊ शकतात, फक्त शिकावं लागतं. आपल्याकडं रेफरीला कुणी शिकवतच नाही, वय झालं की शिट्टी हातात देतात तसं चाललंय.

चॉक_आणि_फडकं

ताई, रेफरी टेबलवर नसेल तर फक्त व्हाईटचे फाऊल धरून मॅच खेळवता येते. मग चुकून दुसरा बॉल हलला आणि शॉटवर त्याचा परिणाम झाला नाही तर फाऊल नाही, समोरचीनं ठरवायचं, होता तिथं परत ठेवायचा का आहे तसाच राहू द्यायचा. पण रेफरी उभा असेल तर कुठलाही बॉल लागला की फाऊल. यातलं काय चालणार ते आयोजकांनी सकाळीच सांगायला पाहिजे, तुमच्यावेळी सांगितलं नसेल तर चूक त्यांची. तू स्वतःहून सांगितलंस ते मात्र लक्षात राहील माझ्या.

आणि असंच अजून एक, व्हाईट दोन बॉलला एकदमच लागला आणि आधी कुठला ते कळलंच नाही, तर मारायचा बॉल आधी लागला असं धरायचं. शंका मारणाऱ्याच्या बाजूनं. हे सुद्धा किती जणांना माहीत नसतं, तिथं उलटं ओरडतात.

सातरस्ता_ब्रेक

उशीर झाला उत्तराला, कारखान्यात शिफ्ट होती. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

काका, तुम्ही म्हणलात खरं सांग. मित्राकडं व्हिडिओ निघाला, कडेच्या खुर्चीवरनं काढलेला, शॉट अर्धवट दिसतो पण आवाज स्वच्छ आहे. सरांचे शब्द "टच बॉल हलवायचा नाही, लांब खेळायचं". ढकलला असं कुठंही नाही. मी पण "मला मान्य नाही सर" एवढंच चार वेळा म्हणतोय, अपील हा शब्द एकदाही नाही. तुमचं बरोबर आहे, मला तो शब्दच माहीत नव्हता. समोरचा व्हाईट उचलतोय आणि मी आयोजकांकडं तोंड करून उभा आहे, हे बघताना पोटात कसंतरी झालं.

समोरच्या पोरानं पण काल मेसेज केला होता. म्हणाला भाऊ मला पण नियम माहीत नव्हता, मला वाटलं रेफरी बरोबर असतील. त्याच्यावर राग नाही.

आता निकाल बदलत नाही हे कळलं. व्हिडिओ इथं टाकणार नाही, सोन्या माफ कर, सरांचा चेहरा आहे त्यात आणि खालच्या कमेंटमध्ये लोक काय काय लिहितील मला माहितीय. पण पुढची ओपन गड्ड्याच्या जत्रेनंतर आहे म्हणतात आणि तिथं पण रेफरी तेच असणार. मला त्यांच्यापुढं जाऊन "सर तुम्ही चुकलात" म्हणायचं धाडस होत नाहीये. कसं सांगू?

डेक्कन_क्यू

आयोजकांकडनं सांग. एकाच पानावर लिहून दे, मराठीत, की नियम कुठले लागणार, रेफरी नसला तर फक्त व्हाईटचे फाऊल का सगळे, अपील कुणाकडं, आणि व्हिडिओ बघणार का नाही. व्हिडिओचं आधीच ठरवा, कारण एकाच्या बाजूचा मित्र शूटिंग करतोय आणि दुसऱ्याकडं कुणी नाही असं होतं. अपील करणारा माणूस एकच ठरवा आणि तो स्वतः खेळणारा नको. पहिल्या ब्रेकच्या आधी पंधरा मिनिटं सगळ्यांना उभं करून वाचून दाखवा. एवढ्याला पैसे लागत नाहीत.

बाहेरची_टांग

डेक्कनभाऊ, ते नजर आणि पुस्तकाचं पटलं मला. आमच्याकडं तालमीत पण असंच बोलायला पाहिजे पोरांशी.

चॉक_आणि_फडकं

बाळा, तू नको सांगूस, मी सांगतो. तुझे सर आणि मी एकाच पिढीचे, नाव तू लिहिलं नाहीस तरी साधारण ओळखलं. माझ्याकडनं ऐकताना त्यांना कमीपणा वाटणार नाही, कारण मला पण हे असंच कुणीतरी टेबलवर दाखवलं होतं. तोंडी सांगून पटत नाही हे. व्हाईट आणि सात चिकटवून ठेवायचे, एकदा थेट मारायचं, एकदा लांब खेळायचं, मग मधे कागद जाईल एवढं अंतर ठेवून परत थेट मारायचं आणि व्हाईट कसा पळतो ते त्यांनाच बघायला लावायचं. तीन शॉटात कळतं.

रविवारी सकाळी नऊला, टेबलं रिकामी असतात तेव्हा. आयोजकांना सांगून एक टेबल तासभर मिळेल का बघ. ताई, तू पण ये, तुझ्या बाहीचा प्रश्न पण तिथंच मांडू.

सातरस्ता_ब्रेक

विचारलं. दोन नंबरचं टेबल देतो म्हणाले, पैसे नकोत म्हणाले. सरांना मीच फोन केला, फक्त एवढंच सांगितलं की रविवारी नऊला या, काका येणारेत. ते म्हणाले येतो, आणि मग जरा थांबून म्हणाले, त्या सातबद्दल आहे का रे?

मी हो म्हणलं.

जुळेसोलापूर_नाईन

मी येते. रॅक आणि टॉर्च घेऊन येते.